चिन्हाची जागा

व्हाळशीच्या वळणावरची भिंत माझी नव्हे,
पण तीस वर्षं तिला कपडे मीच घालतो.
मालक पोर्तुगालला. घराला कुलूप, कुलपाला गंज,
भाडं मागायला कुणी नाही.

दयेशबाबांचं नाव तिच्यावर पहिल्यांदा लिहिलं
तेव्हा शेजारी छत्री काढली होती.
पुढल्या खेपेला छत्री पुसून घोडा.
मग निकालानंतर आठव्या दिवशी, निवडणूक नसताना,
घोड्यावर पांढरा हात मारून नांगर,
आणि खाली बारीक अक्षरांत : मतदारसंघाच्या विकासासाठी.
नाव मात्र कधी पुसावं लागलं नाही.
उन्हाने उडालं तर गिरवायचं,
‘द’च्या पोटात थोडा लाल भरायचा.
एवढे थर चढलेत आता
की डोळे मिटून बोट फिरवलं तरी वाचता येतं.

पैसे रोख द्यायचे. खोटं कशाला बोलू,
मुलीच्या नर्सिंगची दोन वर्षं त्या नावानेच भरली.

यंदा त्यांच्या पोराचा फोन :
‘पेंटर, ऑइल पेंट मार. पाच पावसाळे टिकला पाहिजे.’
चिन्ह कुठलं, विचारलं.
‘जागा सोडून ठेव. रविवारी कळवतो.’

सोडली. अडीच हात बाय अडीच हात.
डिचोलीहून येणारी बस तिथे हळू होते,
बसमधली माणसं त्या रिकाम्या चौकोनाकडे बघतात
आणि हसतात. मीही हसलो.
मग रात्री जेवताना हसू येईना.

बायकोला म्हटलं, सगळे सारखेच.
ती म्हणाली, ‘मग मत कुणाला देणार?’
तू कुणाला देणार?
‘तुला कशाला सांगू?’ म्हणाली,
आणि हुमणाचं भांडं माझ्यापुढे सरकवलं.

शनिवारी शाणू माजीक आला.
वीजखात्यातला लाइनमन, मार्चमध्ये निवृत्त झाला.
चवथीच्या रात्री आमच्या वाड्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळला
तेव्हा खांबावर चढलेला तोच.
बोलताना अडखळतो. सभा घेतलीच नाही त्याने, घेणारही नाही.
शिडी मागितली होती चिन्ह म्हणून, कुकर मिळाला.
पाचशे रुपये पुढे केले, पावती मागितली,
आणि म्हणाला, ‘चु-चुन्यात लिही.
निवडणूक झाली की मी येऊन धुऊन काढीन.
भिंत दुसऱ्याची आहे रे.’

मला गहिवरून वगैरे आलं नाही.
दयेशबाबही पहिल्या खेपेला सायकलवरून आले होते.
तेही चुनाच म्हणाले होते, चुना आणि काव,
देवळाच्या भिंतींना असते तशी.
‘ऑइल मारूया बाब, मग जाणार नाही,’
हे कोण म्हणालं होतं?
मीच.

आज रविवार. सकाळी सहालाच पत्रा घेऊन आलो.
ऑइलवर चुना धरत नाही, आधी खरवडावं लागतं.
मोकळा पांढरा गेला, खालून नांगराचा फाळ निघाला,
मग घोड्याचे दोन पाय, मग छत्रीची मूठ,
आणि सगळ्यांच्या तळाशी माझं जुनं अक्षर,
काव फिकी झालेली, काना किंचित वाकडा.
तेव्हा हात कापायचा माझा.

शाणू चांगलाच निघेल याची हमी मला कोण देणार.
एवढंच ठाऊक आहे की त्याचं नाव
एका पावसाळ्यात उतरेल,
आणि परत लिहून हवं असेल तर
त्याला माझ्या दारात यावं लागेल,
अडखळत विचारावं लागेल.
तेव्हा मलाही त्याला चार गोष्टी विचारता येतील.

तर कुकर काढतोय. शिट्टी जरा मोठीच झाली.
वर दयेशबाबांचं नाव, हातभर उंच, चकचकीत.
खिशात फोन वाजतोय.
चिन्ह ठरलं असणार.

हात कावेने माखलेत.
वाजू दे.